स्वेच्छेने नकार

३ एप्रिल २०२५

नववीच्या मुलांना दरवर्षी सांगते की दैनंदिनी हे इतिहासाचं लिखित साधन आहे, आणि स्वतः मात्र वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहीत नाही. आज लिहायला कारण आहे.

आमच्या संस्थेच्या माणमधल्या शाखेचे मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त होताहेत. संस्थेची पाच हायस्कुलं, तीन सांगली जिल्ह्यात, दोन सातारा जिल्ह्यात, आणि पाचांची मिळून एकच सेवाज्येष्ठता यादी. त्या यादीत आता माझ्या वर कोणी नाही. सौ. चंदना महावीर मगदूम, वय त्रेपन्न, विषय इतिहास-भूगोल. म्हणजे ज्याचा तास बुडवून सायन्सवाले जादा तास घेतात तो विषय. दोन वेळा पर्यवेक्षकपद आलं, दोन्ही वेळा माझ्याहून वर्षभराने ज्येष्ठ असलेल्या गणितवाल्यांना गेलं. 'समाजशास्त्राच्या बाईंना वेळापत्रक जमायचं नाही' असं तेव्हा स्टाफरूममध्ये म्हणत. ते वेळापत्रक मीच करून देत होते हा भाग वेगळा.

मुख्याध्यापक व्हायचं म्हणून दहा वर्षांपूर्वी शाळा व्यवस्थापनाची पदविका केली. त्याआधी रविवारच्या वर्गांना जाऊन एम.ए. केलं. मुलगा सम्मेद तेव्हा शाळेत होता, त्याला शेजारी ठेवून जायचे. हे सगळं उगाच केलं नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "माण म्हणजे टँकरचं पाणी. बघू." मग बराच वेळ पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

११ एप्रिल

दहावीचे तपासलेले पेपर जमा करायला कोल्हापूरला गेले होते. घरी यायला पाच वाजले. हे जेवायचे थांबले होते. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत ताट उचललं जातं, त्यामुळे मी आल्या पावली भाकरी टाकल्या.

ओट्यावर पेढ्यांचा रिकामा बॉक्स होता. विचारलं तर म्हणाले, खालच्या मजल्यावरची पोरगी पास झाली. एप्रिलमध्ये कसली परीक्षा पास झाली कुणास ठाऊक. ह्यांना शुगर आहे आणि अर्धा किलोचा बॉक्स रिकामा केला, म्हणून मी रागावले. गप्प ऐकून घेतलं. एरवी एकाला दोन उत्तरं देतात.

हल्ली मला 'मोठ्या बाई' म्हणून हाक मारतात. 'मोठ्या बाई, चहा मिळंल का?' बँकेत पस्तीस वर्षं काढली ह्यांनी, मॅनेजर काही झाले नाहीत. दोनदा मुलाखत दिली होती. त्याचं मला काही वाटत नाही असं सांगतात, आणि ते खरं असणार, कारण वर्षातून चार-पाच वेळा तरी सांगतात.

२२ एप्रिल

डोकं फिरलंय. माणच्या जागेसाठी हंबीररावांचा प्रस्ताव साताऱ्याला शिक्षण खात्याकडे जातोय. हंबीरराव, आमच्याच शाळेतले गणिताचे शिक्षक, यादीत माझ्या खाली. मूळ गाव माणमध्येच. त्यांचा चुलतभाऊ संस्थेच्या संचालक मंडळावर आहे. आणखी काय सांगायला हवं?

इतक्या वर्षांत माझ्याशी एक वाकडा शब्द बोलला नाही हा माणूस. आणि आतून हे. मी मुलांना नागरिकशास्त्रात समान संधी शिकवते, आणि माझ्याच स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून हा माझी जागा घेऊन चाललाय.

संस्थेच्या अध्यक्षांना चार पानी अर्ज लिहिला. ह्यांनी वाचला आणि म्हणाले, "भाषा चांगली हाय. मी रजिस्टर्ड पोस्टानं टाकतो, तू नको उन्हात जाऊस." कागदांचं सगळं हेच बघतात. इन्कमटॅक्सचे फॉर्म, विमा, बँक. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून गठ्ठा माझ्यापुढे ठेवतात, मी पेपर तपासता तपासता सह्या करते, मग हे खोडरबराने फुल्या पुसतात. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, एकही कागद चुकला नाही. बायका आपल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगायला लागल्या की मी गप्प बसते.

१ मे

झेंडावंदनानंतर हंबीरराव समोर आले. हसून म्हणाले, "बाई, माणला कवा येताय? आमच्या आईनं तुमाला बोलवलंय. मटकीची उसळ न् भाकरी खायला."

माझा ताबा सुटला. सगळ्यांसमोर म्हणाले, "चोराच्या घरी मी जेवायला जात नाही, सर." त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं, आणि खरं लिहायचं तर मला बरं वाटलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जागचे उठले. "त्याला कशाला बोललीस? त्याचा काय संबंध?" म्हटलं, त्याचा नाही तर कोणाचा? तर म्हणाले, संस्थेचा. आणि चपला घालून बाहेर गेले.

९ मे

अर्जाला उत्तर नाही. सतरा दिवस झाले.

सम्मेदचा पुण्याहून फोन आला. मी विषय काढायच्या आधीच त्याने काढला. "मम्मी, कशाला त्या हेडमास्तरकीच्या मागं लागलीस? पाच वर्षं राहिलीत. गुडघे दुखतात तुझे. पप्पांची शुगर बघ." गुडघ्याचं मी त्याला सांगितल्याचं आठवत नाही. ह्यांनी सांगितलं असेल. दोघे आताशा फार फोनवर बोलतात, मुलगा बापाची चौकशी करतो हे चांगलंच आहे.

ह्यांनी आज स्वतः आंबे आणले, स्वतः रस काढला. म्हणाले, "चंदना, सोड आता. तुला घरी काय कमी हाय?" काही कमी नाही. तेच तर सांगते आहे, मला काही कमी आहे म्हणून ही जागा मागत नाही. माझी आहे म्हणून हवी आहे.

१४ मे

ह्यांना न सांगता मिरजेला संस्थेच्या कार्यालयात गेले. का न सांगता, ते माहीत नाही. उन्हात जाऊ नको म्हणाले असते म्हणून असेल.

आप्पासो हेडक्लार्क आहेत. मी नोकरीला लागले तेव्हाही तेच होते. म्हटलं, माझ्या अर्जाचं काय झालं? त्यांनी आवक रजिस्टर दोनदा बघितलं. "बाई, तुमचा कसलाबी अर्ज आल्याला न्हाई."

"रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलाय."

"मग पावती असंल की."

पावती मी बघितली नव्हती. मी म्हटलं, "बरं, अर्ज राहू दे. यादीत मी पहिली असताना प्रस्ताव दुसऱ्याचा कसा?"

आप्पासोंनी चष्मा काढला. "बाई, तुमी थट्टा करताय व्हय? तुमीच न्हाई म्हनला. ज्येष्ठ शिक्षकानं लेखी नकार दिला तरच जागा खालच्याला जाती. तुमचा नकार हाय की आमच्याकडं. फेब्रुवारीत तुमच्या घरी विचारणा पत्र धाडलं, तुमी ट्रेनिंगला गेलता, मालकांनी घेतलं. आठ दिवसांनी त्यांनीच उत्तर आणून दिलं."

आणि फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली. टाइप केलेलं पान. 'कौटुंबिक कारणास्तव मुख्याध्यापक पदावरील माझा हक्क मी स्वेच्छेने सोडत आहे.' खाली माझी सही. खोटी नाही, माझीच, घाईत केली की 'मगदूम'मधला 'द' उघडा राहतो तशी. सहीच्या डाव्या बाजूला कागद जरा खरखरीत झालेला. तिथे काहीतरी पुसलं होतं.

त्याखाली साक्षीदार. महावीर आदगोंडा मगदूम.

आप्पासोंनी पाणी दिलं. मी त्यांना फक्त झेरॉक्स मागितली. ती पर्समध्ये ठेवली आणि स्कूटीवरून घरी आले. वाटेत रेल्वेच्या पुलावर एकजण मागून हॉर्न वाजवत होता, मी बाजूला व्हायला तयार नव्हते.

१५ मे

काल रात्री बोलले नाही. आज सकाळी हे पूजा करून आल्यावर झेरॉक्स ताटाशेजारी ठेवली.

नाकारलं नाही. एकदम खाली बसले. म्हणाले, इन्कमटॅक्सच्या कागदांत ठेवलं होतं. "तुला विचारलं असतं तर तू गेली असतीस."

म्हटलं, "म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला, मला काय हवं ते."

"ठाऊक होतं म्हणूनच की."

मग बाकीचं सगळं आलं. सव्वाशे किलोमीटर, आठवड्यातून एकदा येणार, मी एकटा काय करू, वेळेवर जेवण, शुगर. लोक विचारतील, मगदूमांची बायको कुठं असते. मी ऐकलं. शेवटी म्हणाले, "तू तिकडं साहेब होणार. मी इथं दूध तापवत बसू?" हे वाक्य ह्यांच्या तोंडून निसटलं असावं, कारण लगेच म्हणाले, तसं नाही म्हणायचं मला.

अर्ज ह्यांच्या कपाटात सापडला. चारही पानं घडी घालून, पाकिटावर तिकिटं लावलेली. तिकिटं लावून का ठेवला असेल? कदाचित टाकायचा विचार करून पोस्टापर्यंत गेले असतील. मी अजूनही ह्यांच्या बाजूनं विचार करते आहे, असं लिहिता लिहिता लक्षात आलं.

सम्मेदला फोन केला. त्याला फेब्रुवारीपासून माहीत होतं. "पप्पांनी तुझ्यासाठीच केलं, मम्मी." मी म्हटलं, तू लहान असताना तुला ज्यांच्याकडे ठेवून मी वर्गाला जायची, त्या शेजारणीनं सुद्धा मला कधी न विचारता तुला काही खायला दिलं नाही. त्याला कळलं नाही. फोन ठेवला.

१७ मे

हंबीररावांच्या खोलीवर गेले. सगळ्यांसमोर अपमान केला होता, माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी होती, पण सुट्टी लागलीय. झेरॉक्स दाखवली, सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "बाई, आप्पासोंनी मला सांगितलं तवा मला वाटलं तुमी माझ्यासाठी सोडलं. आई एकटीच हाय माझी तिकडं. म्हनून मी पेढं घिऊन आलतो तुमच्या घरी, ११ एप्रिलला. तुमी कोल्हापूरला गेलता. महावीरभाऊंनी माझ्यासमोर दोन खाल्लं. म्हनले, बाईंना मी सांगतो."

मला बसायला खुर्ची दिली त्यांनी. मी आईचं नाव विचारलं. हरणाबाई. म्हटलं, त्यांना सांगा, मी तुम्हाला चोर म्हणाले.

"न्हाई सांगायचं," ते म्हणाले. "तुमी तक्रार करा, बाई. मी आड येनार न्हाई. पन मी माझं नाव मागंबी घेनार न्हाई. मला खरंच जायचंय घरी." एवढा सरळ माणूस बघून मला आणखीच लाज वाटली.

२९ मे

साताऱ्याहून पत्र आलं. माझ्या तक्रारीवर १० जूनला सुनावणी. नकार स्वेच्छेने दिला होता का, यावर माझा आणि साक्षीदाराचा जबाब.

गेले पंधरा दिवस घरात आम्ही दोघं पाहुण्यांसारखे वागतोय. पत्र ह्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, सही खोटी आहे असं मी म्हटलं तर तुमच्यावर केस होईल. मी तसं म्हणणार नाही. सही माझीच आहे. तुम्ही फक्त खरं सांगा, मी न वाचता केली म्हणून.

हे रडले. वडील गेले तेव्हाही असे रडले नव्हते. म्हणाले, "सांगतो. देवासमोर सांगतो तसं सांगतो." माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही. जरा हलकं वाटलं. माणूस चुकतो. आदल्या दिवशी काय झालं यापेक्षा दुसऱ्या दिवशी तो काय करतो, हे बघायला हवं असं मला वाटतं.

१० जून

सकाळी सहाच्या एसटीने निघालो. ह्यांनी खिडकीची जागा दिली, कराडला उतरून पाण्याची बाटली आणली. मला वाटलं, आता हे दिवस संपतील.

शिक्षणाधिकारी साहेब माझ्याहून तरुण, शांत. एका बाजूला हंबीरराव, एका बाजूला आप्पासो फाइल घेऊन.

"सही तुमची?"

"हो."

"मजकूर वाचला होता?"

"नाही. इन्कमटॅक्सच्या कागदांत होता. मी न वाचता सही केली. माझी चूक आहे. पण हा नकार माझा नाही."

साहेब ह्यांच्याकडे वळले. "साक्षीदार तुम्ही. काय झालं होतं?"

हे उभे राहिले. शर्ट खाली ओढला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "साहेब, मी वाचून दाखवला होता. सगळा. ती व्हय म्हनली. आता तिचं मन बदललंय."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आप्पासोंनी मान खाली घातली. हंबीरराव खुर्चीतून अर्धे उठले, "भाऊ, आवं काय बोलताय," एवढंच म्हणाले. माझ्या फायद्याचं तिथे बोलला तो तेवढा एकच माणूस, आणि त्याला ती जागा हवी होती.

साहेबांनी बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाले, "वाचून दाखवला की नाही, त्यात मी जात नाही. पदाचा नकार शिक्षकानं स्वतः हजर राहून माझ्यासमोर द्यायचा असतो. बाई, तुमची नेमणूक करायला संस्थेला हरकत नसेल तर मी मान्यता देतो. आत्ता विचारतो, तुम्हाला पद हवंय?"

"हवंय," मी म्हटलं. इतक्या जोरात की बाहेरच्या शिपायाने आत डोकावलं.

परतीच्या एसटीत कराड सोडल्यावर मी विचारलं, का?

"चारचौघांत," हे म्हणाले, "मी बायकोला फसवलं म्हनून कसं सांगू?"

मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं न्हवतं, साहेब तुझं ऐकतील."

सूर्य खाली आला होता. ह्यांनी डबा उघडला, माझ्यापुढे केला, आणि वेळ होईल म्हणून स्वतः जेवले.

१ जुलै

माणच्या शाळेत रुजू झाले. हंबीररावांनी आईला माझ्या खोलीवर पाठवलं होतं. हरणाबाई पदराखाली भाकरी झाकून घेऊन आल्या, म्हणाल्या, "माझा ल्योक ईल अजून दोन-तीन वर्सांनी. तवर तुमी ऱ्हावा." त्यांना काही माहीत नाही. की सगळं माहीत आहे, ते कळलं नाही.

हे सामान घेऊन टेम्पोतून आले होते. गॅस जोडला, पाण्याचं बॅरल भरून घेतलं, दाराला नवी कडी बसवली. मग उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "आजच्या दिवस राहू का?" मी म्हटलं, शेवटची गाडी साडेचारला आहे. एकोणतीस वर्षांत मी ह्यांना 'जा' असं कधी म्हटलं नव्हतं. आज तो शब्द न वापरता म्हटलं.

ते गेल्यावर शाळेत जाऊन रुजू अहवाल भरायला बसले. जन्मतारीख, प्रथम नेमणूक, सेवेत कायम झाल्याचा दिनांक, बी.ए.ची श्रेणी, बी.एड.चं वर्ष आणि विद्यापीठ, एम.ए., पदविकेचा क्रमांक. माझी सगळी प्रमाणपत्रं सांगलीत कपाटात राहिलेली. लिपिक म्हणाला, "मॅडम, आजच पाठवायला लागंल." पर्समध्ये एकच कागद होता, सुनावणीला नेलेली झेरॉक्स.

नकारपत्राच्या पहिल्या परिच्छेदात ह्यांनी माझी सगळी नोकरी लिहिली होती. मी ती पुन्हा वाचली नव्हती, शेवटच्या ओळीवरच अडले होते. संस्थेच्या यादीत माझं एम.ए.चं वर्ष गेली दहा वर्षं चुकीचंच पडलंय. इथे बरोबर आहे. प्रसूतीरजेच्या तारखा बरोबर आहेत. पदविकेत मला विशेष प्रावीण्य मिळालं होतं हे मी स्वतः विसरले होते, तेही आहे. एक आकडा चुकलेला नाही.

त्यावर बघून मी अहवाल भरला, ओळ न् ओळ उतरवला. मग टेबलावर डोकं ठेवून रडले. मी काय काय केलं, ते जगात एकाच माणसाला इतकं बिनचूक माहीत होतं.